जाताना तीन, येताना चार

समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त खुश झाली ती शेजारची मंजू. सकाळीच आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, येऊन बसली अन् म्हणाली, "काकू, येताना माझ्या पोरीसाठी, खुशीसाठी, शंख आणजा. मोठा, कानाले लावला की आवाज येते तसा." मी सुपात तांदूळ पाखडून राहिली होती. म्हटलं, आणीन. दुसरी कोणी असती तर मागून जीभ चावली असती, की आपण कोणाले काय मागून बसलो. मंजू तशी नाही. तिच्या पोटात पाप नाही अन् डोक्यातही फार काही नाही. मले तिचा राग आला नाही.

खरं म्हणजे मले दोन वर्षांपासून कोणाचाच धड राग येत नाही. तोंड चालते, ते आधीही चालायचं. आमच्या घरचे म्हणतात, हिच्या तोंडाले सासुरवास कधी झालाच नाही. पण आत काही पोचत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसात सकाळपासून बांधीतल्या चिखलात उभं राहिलं की पाय बधिर होतात, जळू चिकटली तरी कळत नाही. घरी येऊन पाय धुताना रक्त दिसते तेव्हा समजते. माझं आतमधून तसं झालं आहे.

मी शांतीबाई. गाव आमचं अर्जुनीकडचं, जंगलाच्या कडेले. जातीनं कोहळी. आमच्या लोकांनी तलाव बांधले असं आमच्यातले म्हातारे चारचौघात छाती फुगवून सांगतात, अन् ते खरं आहे. गावाचा तलाव ह्यांच्या खापरपणज्यानं बांधला. दोन टेकड्यांच्या मधात मातीची लांब पाळ घातली, पाणी अडवलं, अन् पाळीच्या एका टोकाले जास्तीचं पाणी निघून जायले वाट ठेवली. त्या वाटेले आम्ही सलंग म्हणतो. तलाव भरला की पाणी सलंगेवरून वाहते अन् पाळ वाचते. सलंग नसली तर पाळ फुटते, एवढं आमच्यातल्या शेंबड्या पोराले माहीत असते.

ह्यांचं नाव सुकराम. मी तोंडानं नाव घेत नाही, इथं एकदा सांगितलं, पुरे. लेक चेतना, ती बाजाराच्या गावात एका ऑनलाइन सेंटरमध्ये बसते, लोकांचे सातबारे काढते, रेल्वेची तिकिटं काढते. अन् पोरगा हिमांशू.

हिमांशू तिरोड्याले होता, प्लांटात एका ठेकेदाराकडे. तवा चोवीसचा होता. दोन वर्षांआधी हिवाळ्यात तो दोस्तांसंग पुरीले फिरायले गेला. देवदर्शन झालं, मग पोट्टे चिल्का सरोवर पाहायले गेले. तिथं सरोवर अन् समुद्र यांच्या मधात वाळूचं एक लांबलचक बेट आहे. नावेनं जावं लागते. एका अंगाले सरोवराचं पाणी, दुसऱ्या अंगाले समुद्र, अन् मधात नुसती वाळू. त्या वाळूवर उभं राहून त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, पाळ पाहा," तो म्हणाला. मोबाईल गरगर फिरवला. "इकडे तलाव, तिकडे समुद्र. एवढी मोठी पाळ कोणी घातली असन?"

हे बाजेवर बसून होते. मी मागून डोकावून राहिली होती. ह्यांनी पहिलं काय विचारलं? जेवला का, नाही. थंडी आहे का, नाही. म्हणाले, "सलंग कुठं आहे रे?"

"तिकडे टोकाले आहे म्हणतात. नाववाला सांगून राहिला होता, तिथून पाणी समुद्रात जाते."

"केवढी रुंद आहे?"

"पाहून सांगतो," हिमांशू म्हणाला, अन् कॉल बंद झाला.

तो पाहायले गेला. पुढचं दोस्तांनी सांगितलं. नाववाला नको नको म्हणत होता. हिमांशू म्हणाला, मी तलावाचा पोरगा आहो, मले काय सांगता. आमच्या गावचे पोट्टे सलंग वाहायले लागली की तिच्यात उतरतात. धारेत पाय रोवून उभे राहतात, पाणी मांडीले लागलं का कमरेले लागलं ते पाहतात अन् घरी येऊन सांगतात. आमच्याकडचं मोजमाप तेच. हिमांशूनं लहानपणापासून दरसाल मोजलं, तिथंही तो तसाच उतरला. पण आमच्या सलंगेचं पाणी एकाच दिशेनं जाते अन् खाली दगड असतात. तिथं ओहोटीचं पाणी होतं अन् खाली वाळू. पाय रोवायले काही नव्हतंच. तो सापडला नाही.

माझा भाऊ केवळराम गेला होता शोधायले. तिथल्या कोळ्यांनी, पोलिसांनी पुष्कळ दिवस शोधलं, मी त्यांना नाव ठेवत नाही. केवळराम पोराची बॅग अन् चप्पल घेऊन परत आला. हे गेले नाहीत. पाळीवर जाऊन बसले.

मी तवाच मानून घेतलं. बॅगेतले कपडे धुतले, घड्या घातल्या, वाटून दिले. त्याची गाडी केवळरामच्या पोराले, मोनूले दिली. रडणं काही आलं नाही. गावातल्या बाया येऊन बसायच्या अन् माझ्याकडे पाहायच्या, ही कधी रडते म्हणून. बिचाऱ्यांचे पाय अवघडून जायचे. शेवटी कोणाचं लेकरू रडायचं, कोणाचं दूध उतू जायचं, तशा उठून जायच्या. मले त्यांचीच कीव यायची.

ह्यांनी मानलं नाही. दहावा नाही, तेरावी नाही. केवळराम म्हणाला, माणूस सापडला नाही तर पिठाचा पुतळा करून क्रिया करता येते. हे म्हणाले, "जो मेला नाही त्याचा पुतळा कायले?" अन् विषय संपला.

आमच्या घरची एक रीत आहे. उन्हाळ्यात तलाव उतरला की घरात जेवढी माणसं तेवढ्या टोपल्या माती तलावातून काढायची अन् पाळीवर टाकायची. लेकरू जन्मलं की त्याच्या नावाची एक टोपली वाढते, म्हातारं गेलं की एक कमी होते. लेक लग्न होऊन जाते तेव्हा ओंजळभर माती ओटीत नेते अन् सासरच्या पाळीवर टाकते. मीही आणली होती. माझे सासरे सांगायचे, पाहुणा म्हणून जा का हिंडायले जा, दुसऱ्याच्या पाळीवर रिकाम्या हातानं चढू नये. त्या माणसानं लोकांच्या लग्नातही जेवायच्या आधी त्या गावची पाळ पाहिली, खिशातून चिमूटभर माती टाकली, मग हात धुतले.

तर पोरगा गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी चार टोपल्या टाकल्या. मी पाळीखाली उभी होती. चौथी टोपली डोक्यावर घेऊन चढले तेव्हा मी म्हटलं, "ही कोणाची?" तर म्हणाले, "माहीत नाही तुले?" मागच्या उन्हाळ्यातही चार. दिवाळीनंतर पोराचा वाढदिवस येते, तर यंदा ह्यांनी गल्लीत साखर वाटली. "हिमांशूले सव्वीस झाले," असं दारोदार सांगितलं. लोकांनी साखर घेतली, तोंडात टाकली अन् खाली पाहिलं. लोक तरी काय करतील.

गाव मले आधी हिमांशूची माय म्हणायचं. आता सांभाळून चेतनाची माय म्हणते. हे तेवढे अजून जुनंच म्हणतात.

आता चेतनाचं सांगते. ओमेश नावाचा पोरगा आहे, साकोलीकडचा. त्याले चेतना पसंत, चेतनाले तो पसंत. आमच्या जातीतला आहे, घरचं वावर आहे, दारूले शिवत नाही. आणखी काय पाहिजे? त्याचा बाप केशोराव संक्रांतीनंतर आला. भला माणूस. चहा पिला, धानाचं विचारलं, मग खाकरला.

"सुकरामभाऊ, माझं स्वतःचं काही नाही. पण आमच्या घरची म्हातारी माणसं विचारून राहिली. एका घरात क्रिया अडकून आहे, अन् त्याच घरात मांडव कसा घालाचा? पोराचं तेवढं करून घ्या. मग तुम्ही म्हणाल तवा तारीख धरू."

हे बशीतल्या चहाकडे पाहत राहिले. चहावर साय आली. केशोराव गेला, चेतना आत जाऊन भांडी घासायले बसली, घासलेलीच भांडी पुन्हा घासली. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "मी जाऊन पाहतो."

"काय पाहता?"

"ती पाळ. ते पाणी. माझ्या डोळ्यानं पाहतो, मग सांगतो काय ते."

असं आमचं समुद्रावर जायचं ठरलं.

चेतना तयारीले लागली. ती एकदा लागली की मग पाहायले नको, बापाच्या वळणावर गेली आहे. गोंदियावरून पुरीची गाडी. पुरीले धर्मशाळा. तिथून मोटारीनं सरोवराच्या काठापर्यंत, मग नाव. पावसाळ्यात नावेचा भरवसा नसते अन् उन्हाळ्यात वाळू तापते, म्हणून होळीनंतर लगेच जायचं. डोक्याले टोपी पाहिजे, प्यायचं पाणी संगं न्यायचं, बेटावर काही मिळत नाही. मी तिखट पुऱ्या अन् चिवडा करायचं ठरवलं. ओमेश फोनवर म्हणाला, मी येऊ का संगं? ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. "आपण काही पाहुणचाराले चाललो नाही."

संध्याकाळी चेतना मोबाईलवर त्या बेटाचे व्हिडिओ लावायची. एक बाई मोठी टोपी घालून हसून राहिली होती. वाळूवर लाल खेकडे पळत होते. ती हिंदीत म्हणायची, इथला सूर्यास्त बिलकुल सोडू नका, फॅमिलीले घेऊन या. आम्ही तिघं मोबाईलकडे पाहायचो. चेतनानं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या मनात काही होते का म्हणून. काही होत नव्हतं. मी म्हटलं, खेकडे चांगले आहेत.

हे मात्र बाईकडे पाहतच नव्हते. तिच्या मागची वाळू पाहायचे. "थांब, इथं थांबव. हे गवत आहे ना? पाळीले गवत पाहिजेच, मुळं धरून ठेवतात." पुढच्या दिवशी पुन्हा, "सरोवराकडून चढ कमी आहे, समुद्राकडून जास्त. काऊन असन?" दोन वर्षात हा माणूस एवढा बोलला नव्हता. मंजू येऊन म्हणाली, काका खुशीत दिसतात. मी म्हटलं, हौ, हनिमूनले चाललो आम्ही. ती हसली, मीही हसली. मग मी पुऱ्यांचं पीठ दळायले दिलं.

एका व्हिडिओत एक म्हातारा कोळी होता. तो सांगून राहिला होता की समुद्रात जायची ती वाट एका जागी राहत नाही. जुनी बुजते, दुसरीकडे नवी फुटते. ह्यांनी ते दोनदा लावायले सांगितलं.

"म्हणजे फुटकीच पाळ आहे ती," हे म्हणाले. "फुटत राहते, अन् कोणी बांधत नाही."

चेतनानं मोबाईल बंद केला.

नाववाल्याचा नंबर तिनं कुठून तरी मिळवला. एका दुपारी सपरीत बसून फोन लावला, स्पीकरवर ठेवला. नाववाला आपल्या हिंदीत बोलत होता, तिकडचं वळण असलेली हिंदी. नाव पूरी आपकी रहेगी, लाइफ जॅकेट है, सुबह जल्दी आना. मग त्यानं विचारलं, "कितने लोग हो?"

"तीन," चेतना म्हणाली.

मागून हे म्हणाले, "जाताना तीन, येताना चार."

चेतनाची मान वळली नाही. फोनमध्ये तो माणूस "हाँ जी? हाँ जी?" करून राहिला. हे पुढे सरकले अन् हिंदीत म्हणाले, "जाते समय तीन, आते समय चार." नाववाल्याले काय समजलं देव जाणे. म्हणाला, "चार का भी हो जाएगा, कोई बात नहीं."

फोन ठेवल्यावर ह्यांनी चेतनाले सांगितलं, "येतानाची रेल्वेची तिकिटं चार काढजो. मागून जागा भेटत नाही."

ती उठली. चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तिकिटाले नाव टाकावं लागते, वय टाकावं लागते. असंच नाही निघत."

"तर टाक."

"तू म्हणते टाक?"

"मी नाही म्हटलं तर ते ऐकून राहिले का?"

मी भांडली नाही असं नाही. त्याच दिवशी, हे आंगणात आंग धुवायले बसले तेव्हा भांडली. म्हटलं, पोरीचं वय वाया चाललं, केशोराव काय जन्मभर थांबणार आहे? तुम्ही चार टोपल्या टाका नाही तर चाळीस टाका, त्यानं काय होते? म्हटलं, गेलेल्या माणसाचं तिकीट काढता, उद्या त्याले नवरीही पाहाल. हे अंगावर पाणी घेत राहिले. शेवटी मीच थकली. ज्याचं जळते त्यालेच कळते म्हणतात, पण आमच्या घरात तर सगळ्यांचंच जळलं होतं, अन् तरी एकाचं दुसऱ्याले कळत नव्हतं.

मले पाहिजे होतं एवढंच. त्यांनी एकदा तोंडानं म्हणावं, पोरगा गेला. म्हणजे मी सुटली, चेतना सुटली, केशोरावची म्हातारी माणसं सुटली. समुद्र पाहून म्हणतील, का त्याच्या आधी म्हणतील, का तिथूनही चौथी जागा रिकामी ठेवून परत येतील, अन् पुन्हा उन्हाळ्यात टोपली उचलतील? मी रात्रंदिवस तेवढंच मोजून राहिली होती. समुद्राचं मले काही नव्हतं.

अन् ते कायले मानत नाहीत हेही मले माहीत होतं. पोरगा गेला असं म्हटलं की पुढची गोष्ट आपोआप येते, त्याले पाहायले कोणी पाठवलं. ती गोष्ट मी कधी काढली नाही. रागाच्या भरातही नाही. कारण त्या दिवशी मोबाईल माझ्या हातात असता तर मीही तेच विचारलं असतं. आमच्यातल्या कोणीही विचारलं असतं. पाळ दिसली की आम्हाले सलंग आठवते, त्याले इलाज नाही.

रविवारी हे आम्हा दोघींना तलावावर घेऊन गेले. पाणी उतरून राहिलं होतं, कडेची माती उघडी पडली होती. ह्यांनी संगं एक जाड कापडाची थैली आणली होती, मोनूच्या जुन्या पँटीची मीच शिवलेली. म्हणाले, तिघांनी आपापली ओंजळ टाकायची.

"रेल्वेत माती नेता?" मी म्हटलं. "कपड्याचं सामान एवढंसं, अन् माती तेवढी. नाकापेक्षा मोती जड."

"रिकाम्या हातानं चढू का दुसऱ्याच्या पाळीवर?"

"ती कोणाची नाही. समुद्रानं घातली आहे."

"मग समुद्राची," हे म्हणाले.

त्यांनी आपली ओंजळ टाकली. मी टाकली. चेतनानं टाकली, तिच्या ओढणीले चिखल लागला. मग त्यांनी थैलीचं तोंड सुतळीनं बांधलं. मी मोजूनच राहिली होती. जिभेले राहवलं नाही. म्हटलं, "अन् चौथी?"

"तो तिथंच आहे ना," हे म्हणाले. "त्याले इथून माती कायले न्यावं लागते? परत आला की इथं टोपली टाकन."

चेतना पाळीवरून पुढे निघून गेली. मी थैली उचलली. जड होती.

घरी येऊन जेवलो. लाखोरीची डाळ अन् भात. चेतनानं हात पुसले अन् मोबाईल घेऊन सपरीत बसली. "आज नाही काढली तर मिळणार नाहीत," ती म्हणाली. "जागा भरून राहिल्या." आवाज तिनं सेंटरमधला लावला होता, परक्या लोकांचं काम करताना लावते तसा. हे खाली बसून सामान बांधायले दोरी वळून राहिले होते. दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. मी दाराले टेकून उभी होती.

जातानाची झाली. ह्यांचं नाव, वय. माझं नाव, वय. तिचं. मग येतानाची काढायले घेतली. पुन्हा तीच तीन नावं. मग ती थांबली अन् चौथं नाव टाकलं. तिचं बोट अक्षरं शोधून शोधून टाकत होतं, जसं पहिल्यांदाच टाकून राहिली.

"बाबा, वय काय टाकू?"

"चोवीस," हे म्हणाले.

वर न पाहता म्हणाले. दोरी वळता वळता. अन् मग हात थांबले. अंगठ्यातून टोक सुटलं अन् वळलेली दोरी आपोआप उलटी फिरत उलगडली. ते तिच्याकडे पाहत राहिले. साखर वाटणारे हेच. सव्वीस झाले म्हणून दारोदार सांगणारे हेच.

मोबाईलचा उजेड चेतनाच्या हनुवटीवर पडला होता.

"राहू दे," हे म्हणाले. "तीनच काढ."

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मीच विचारलं होतं त्याले. सलंग कुठं आहे म्हणून."

दोन वर्ष मी ह्याच शब्दांची वाट पाहत होती. देवाले नवस केला नाही, पण केल्यासारखंच होतं. आता ते आले होते, जेवणानंतर, दोरी वळता वळता. मी हातपाय धुवून मोकळी व्हायले पाहिजे होती. पण मले काय झालं ते मलेच समजलं नाही. पोरगा गेला असं मी म्हणू शकत होती, कपडे वाटू शकत होती, खेकडे चांगले आहेत म्हणू शकत होती, कारण हा एक माणूस घरात नाही म्हणून बसला होता. मी हो म्हणायची अन् तो नाही म्हणायचा. आता नाही म्हणणारं घरात कोणीच राहिलं नव्हतं.

"सव्वीस," मी म्हटलं.

"आई?" चेतना म्हणाली.

"सव्वीस टाक. तुझ्या बाबानं चार काढ म्हटलं ना? चारच काढ."

"आई, बाबाच म्हणून राहिले की..."

"ते काहीही म्हणतील. तू सव्वीस टाक."

मी पुढे होऊन तिच्या हातातला मोबाईल ओढला. मले त्याच्यातलं काही टाकता येत नाही, इंग्रजी अक्षर लागत नाही, तरी ओढला. अंगठा कुठंही दाबत राहिली. ते नाव तिथं होतं, चेतनानं दाखवलं होतं मले एकदा हिमांशू इंग्रजीत कसं दिसते ते. नावापुढची जागा कोरी होती. ती कोरी जागा मले पाहवेना.

हे उठले. माझ्या हातातून मोबाईल घेतला, चेतनाले दिला. माझं मनगट धरून ठेवलं.

"हिमांशूची माय," हे म्हणाले. "नाही."

मग मी रडली. कशी रडली ते सांगत नाही. मंजू हातातलं काम टाकून धावत आली एवढं सांगते. माझ्याजवळ जमिनीवर बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या लुगड्याले लसणाचा वास येत होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काकू, शंख नाही आणला तरी चालन." अन् ती पण रडायले लागली. चेतना कधीची रडून राहिली होती. हे उभे होते, उलगडलेली दोरी हातात घेऊन, अन् त्यांच्या दाढीवरून पाणी खाली येऊन राहिलं होतं, ते पुसतही नव्हते.

तिकिटं दुसऱ्या दिवशी निघाली. जायची तीन, यायची तीन. केशोरावले ह्यांनी स्वतः फोन केला, म्हणाले, तिथंच करून येतो पोराचं, मग तुम्ही तारीख पाहा. फोन ठेवून थैली घेतली अन् मले म्हणाले, चल.

तलावावर कोणी नव्हतं. बगळे तेवढे होते. ह्यांनी थैलीची सुतळी सोडली अन् तोंड उघडं करून माझ्यासमोर धरली.

"त्याची तू टाक," म्हणाले.

मी वाकून दोन्ही हातांनी माती उचलली. त्या दिवशी माझी ओंजळ टाकली होती तेव्हा मले काही कळलं नव्हतं. आता माती हाताले थंड लागली.